अंड्याचा ट्रे, भुसा आणि फुलवात

सप्टेंबर-ऑक्टोबरात सह्याद्रीत मुक्कामाला गेलं की चूल पेटत नाही. दिवसा चांगलं ऊन पडतं, पण लाकडात चार महिन्यांचं पाणी मुरलेलं असतं. त्यासाठी बाजारात तयार फायर स्टार्टर मिळतात. ते महाग असतात आणि हवे तेव्हा जवळच्या दुकानात नसतात. म्हणून आम्ही ते घरी करायला लागलो. त्यात काय फसलं आणि काय जमलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला ओट्यावरचं मेण खरवडत बसावं लागणार नाही.

कारण घडलं राजमाचीला. आम्ही डोंबिवलीहून रेल्वेने लोणावळ्याला उतरलो आणि तुंगार्लीवरून चालत उधेवाडीला पोचलो. वाट सपाट पण लांबलचक आहे. मध्ये दोनदा सर आली. रेल्वेने गेलो म्हणून गॅसची शेगडी बरोबर नव्हती. डब्यात गॅस, रॉकेल, पेट्रोल न्यायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. गावात ओळखीच्या घराच्या अंगणात तंबू लावले. जेवण त्यांच्याकडे सांगता आलं असतं, पण बरोबरच्या मुलांना स्वतः खिचडी करायची होती.

तीन दगड मांडले. लाकडं रचली. खाली वर्तमानपत्र कोंबलं. कागद भसकन पेटला आणि विझला. पुन्हा कागद, पुन्हा तेच. लाकडाच्या टोकातून नुसता फेस यायचा आणि डोळ्यांत धूर. आमच्यातल्या एकाने सॅनिटायझरची बाटली काढली. तो थोडा ओतला, काडी लावली, काहीच झालं नाही असं वाटून अजून ओतायला गेला. ज्योत होती, पण संध्याकाळच्या उजेडात ती दिसत नव्हती. हातावरचे केस जळाले, तेवढ्यावर निभावलं. अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. हे काम सॅनिटायझरने करू नका, एवढंच सांगते.

घरातल्या मावशी बराच वेळ दारातून बघत होत्या. शेवटी त्या स्वतःच्या चुलीतला गोवरीचा निखारा पळीवर घेऊन आल्या. चुलीवरच्या माळ्यावरून मूठभर वाळक्या कारवीच्या काड्या आणल्या. म्हणाल्या, "कागदाचा जाळ काय ताई, पावण्यासारखा. आला न् गेला." त्यांनी आमची जाड लाकडं बाजूला काढली, निखाऱ्यावर कारवीच्या काड्या ठेवल्या, फुंकणीने दोन-तीन फुंका मारल्या. मग बोटाएवढ्या काटक्या. जाड लाकूड त्यांनी सगळ्यांत शेवटी लावलं. खिचडी व्हायला साडेनऊ वाजले.

परतताना गाडीत हाच विषय निघाला. ओलं लाकूड पेटत नाही कारण आधी त्यातलं पाणी उडावं लागतं. पाणी आहे तोवर लाकडाचं तापमान शंभर अंशांच्या वर फारसं जात नाही आणि लाकूड पेटायला त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. कागदाचा जाळ मोठा असतो, पण मिनिटभरात संपतो. त्या मिनिटात काटकीची सालसुद्धा वाळत नाही. म्हणजे मोठा जाळ नको होता. ज्योत बोटाएवढी असली तरी चालेल, पण ती दहा मिनिटं टिकली पाहिजे. पुढे घरी जे केलं ते हे एवढं एकच लक्षात ठेवून.

पहिला विचार अर्थात कापराचा. घरात असतो, काडी लावताच पेटतो, ओल्या हातानेही पेटतो. पण दोन अडचणी निघाल्या. एक म्हणजे वडी लवकर जळून जाते. दुसरी अशी की तो उडून जातो. साध्या कागदाच्या पुडीत ठेवलेल्या वड्या महिन्याभराने काढल्या तर अर्ध्या झाल्या होत्या आणि सगळ्या सॅकला देवघराचा वास. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवला तर टिकतो. मदतीला म्हणून कापूर उत्तम, त्याच्या एकट्याच्या भरवशावर मात्र राहू नका.

मग तुपाच्या फुलवाती. सणासाठी केलेल्या, उरलेल्या. त्या छान जळतात. पण तुपाला मुंग्या येतात, आणि मुक्कामाच्या जागी उंदीर असतात. एका रात्री सॅकचा कप्पा कुरतडला गेला, तेव्हापासून खाण्याच्या वासाचं काहीही पेटवण म्हणून नेत नाही.

परदेशी व्हिडिओंमध्ये कपडे वाळवायच्या यंत्रातला मऊ कचरा वापरायला सांगतात. आमचे कपडे दोरीवर वाळतात. शिवाय त्या कचऱ्यात हल्ली अर्धं पॉलिस्टर असतं, ते वितळतं आणि घाण वास येतो. मात्र त्याच व्हिडिओंतली अंड्याच्या ट्रेची कल्पना कामाची निघाली. ट्रेच्या खळग्यात लाकडाचा भुसा भरायचा आणि वरून वितळलेलं मेण ओतायचं. सामान फुकटचं. अंडीवाल्याकडे कागदाच्या लगद्याचे ट्रे पडलेले असतात. प्लॅस्टिकचा ट्रे घेऊ नका.

भुशाने आम्हाला बरंच फिरवलं. कोपऱ्यावरच्या सुताराने आनंदाने पिशवी भरून दिली. पण आजकाल सुताराकडचं बहुतेक काम प्लायवूड आणि एमडीएफचं असतं. तो भुसा पिठासारखा बारीक, आणि त्यात चिकटवायचा रासायनिक गोंद. जळताना डोळे चुरचुरले. असल्या धुरावर अन्न शिजवायचं नाही. शेवटी लाकडाच्या वखारीतून करवतीखालचा भुसा आणला. तो जरा भरड होता आणि दमट होता. वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवला. हे टाळता येत नाही. दमट भुशात मेण नीट शिरत नाही.

मेणासाठी दिवाळीतल्या मेणाच्या पणत्या, वीज गेल्यावर वापरलेल्या मेणबत्त्यांची टोकं, केकवरच्या काड्या, सगळं एका डब्यात साठवलं होतं. जेलच्या मेणबत्त्या असतात त्या बाजूला काढा.

मेण वितळवणं हेच या सगळ्यात धोक्याचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्यांदा जुन्या पातेल्यात मेण घालून थेट गॅसवर ठेवलं. मेण पन्नास-साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि वितळल्यावर त्याच्याकडे बघून ते किती तापलंय ते कळत नाही. पाण्यासारखं ते उकळून इशारा देत नाही. थोड्या वेळाने पातेल्यातून पांढरट धूर यायला लागला. हा धूर म्हणजे मेणाची वाफ. ती पेट घेते. गॅस बंद केला, वर झाकण टाकलं आणि पंधरा मिनिटं स्वयंपाकघरात कोणालाही येऊ दिलं नाही. खरं सांगायचं तर हात थरथरत होते. मेणाने पेट घेतला तर त्यावर पाणी अजिबात टाकायचं नाही. पाण्याची लगेच वाफ होते आणि जळतं मेण चौफेर उडतं. झाकण टाकायचं, गॅस बंद करायचा.

त्यानंतर नेहमी पाण्यावरच वितळवलं. मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचा पत्र्याचा डबा. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेणही जात नाही. पण हलका डबा पाण्यावर तरंगतो आणि कलंडतो. आमचा कलंडला. मेण पाण्यावर पसरलं. घाबरायचं कारण नव्हतं. गॅस बंद करून थंड होऊ दिलं तर वर अख्खी चकती जमली, ती उचलून पुसून वाळवली. पुढच्या वेळी पाणी बोटभरच घेतलं, डब्याखाली कुकरमधली जाळी ठेवली आणि डब्याची कड सांडशीने धरली. मेणाचं भांडं बेसिनमध्ये धुऊ नका. मेण नळीत जाऊन गोठतं आणि मग प्लंबर बोलवावा लागतो. गरम असतानाच कागदाने पुसून घ्या. घरात लहान मूल असेल तर ते शाळेत गेल्यावर हे काम काढा.

मेण किती घालायचं याचा अंदाज यायला वेळ लागला. कमी पडलं तर वडी हातात चुरते. जास्त झालं तर वर मेणाचा जाड थर बसतो आणि काडीने तो नुसता वितळत राहतो, पेटत नाही. खळगा पाऊण भरेल एवढा भुसा घालायचा, दाबायचा नाही. मेण धारेने ओतायचं, भुसा ओला दिसला की थांबायचं. ट्रेमधून मेण झिरपतं, म्हणून खाली वर्तमानपत्राचे चार-पाच थर हवेत. आमच्याकडे पहिल्या खेपेला ओट्याच्या ग्रॅनाइटवर ते गोठलं, ते उलथन्याने काढण्यात रविवार गेला. घरच्यांची बोलणी वेगळी.

तरीही पेटायला त्रास व्हायचा. वाऱ्यात काडी विझायची आणि वडीची कड काही धरायची नाही. तेव्हा सासूबाईंनी सुचवलं की मधोमध फुलवात खोचून बघ. पूजेच्या दुकानात मिळते ती कोरी कापसाची फुलवात. खालचा गोल भाग भुशात, टोक वर. मेण ओतल्यावर ते टोकही चिमटीने मेणात भिजवून पिळायचं. ही युक्ती बाकी सगळ्यांवर मात करून गेली. मेण स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि ती वाफ करायला वात लागते. समईत तेलाचं जे होतं तेच. फुलवात काडीची ज्योत पटकन धरते, तिच्या उष्णतेने मेण वितळतं आणि मग भुसाच वातीचं काम करू लागतो.

कापूर मेणात वितळवून घातला तर अजून छान होईल, असं आमच्याकडे कोणीतरी म्हणालं. ते करू नका. कापराची वाफ मेणाच्या वाफेपेक्षा फार कमी तापमानाला पेटते, आणि तुमच्या पातेल्याखाली गॅस चालू असतो. कापूर हवाच असेल तर चूल पेटवताना फुलवातीच्या बुडाशी एक वडी ठेवा. अगदी झोंबणाऱ्या वाऱ्यात त्याचा उपयोग होतो.

वड्या पूर्ण घट्ट झाल्यावर कात्रीने सुट्या केल्या आणि गच्चीवर घमेल्यात वाळू पसरून चाचणी घेतली. सोसायटीच्या वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर धूर बघून तो वर येतो. एक वडी साधारण अकरा-बारा मिनिटं जळली. त्यातली पहिली सात-आठ मिनिटं ज्योत चांगली वीतभर. मग एक वडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवली. सकाळी पुसली, फुलवातीचं टोक बोटांनी झटकलं आणि पेटवली. दोन काड्या फुकट गेल्या, तिसरीने धरली. ज्या वडीचं टोक मेणात भिजवलेलं नव्हतं ती पेटली नाही. कापसात पाणी शिरलं होतं.

पण या चाचणीत निराळंच एक लक्षात आलं. वडी कितीही चांगली असली तरी काडीपेटी ओली झाली तर उपयोग शून्य. आपली साधी काडी पेटीच्या कडेवरच पेटते, कारण लाल फॉस्फरस त्या पट्टीत असतो, काडीत नाही. काड्यांना मेण लावून वाटेल तेवढं पाणी अडवलं तरी पट्टी भिजली की संपलं. म्हणून औषधाच्या रिकाम्या, फिरकीच्या झाकणाच्या डबीत काड्या आणि पेटीची कापलेली पट्टी एकत्र ठेवते. शिवाय एक लायटर वेगळ्या सॅकमध्ये. दोन्ही एकाच सॅकमध्ये नसावेत. नदी ओलांडताना एक सॅक भिजतेच.

डिसेंबरात भंडारदऱ्याला गेलो तेव्हा या वड्यांची खरी परीक्षा झाली. जलाशयाजवळ एका शेतकरी कुटुंबाच्या शेतात तंबू होते. चूल कुठे मांडायची ती जागा त्यांनीच दाखवली. तिथे पाऊस नव्हता, पण पहाटेचं दव एवढं की तंबूच्या कापडावरून पाणी ओघळत होतं. रात्री उघड्यावर राहिलेली लाकडं वरून चिंब. पहाटे पाचला चहा हवा होता.

राजमाचीच्या मावशींनी केलं तसंच केलं. लाकूड वरून भिजलेलं असलं तरी आतून बरंच कोरडं असतं. कोयत्याने मनगटाएवढ्या लाकडाच्या उभ्या ढलप्या काढल्या, पेन्सिलीएवढ्या. तीन दगडांचं तोंड वाऱ्याकडे ठेवलं. मध्ये वडी, तिच्याभोवती ढलप्या उभ्या टेकवल्या, हवा खेळेल अशा. वडी पेटवली आणि हात मागे घेतले. हे सगळ्यांत अवघड आहे. प्रत्येकाला फुंकायचं असतं, काहीतरी ढकलायचं असतं. पहिली चार मिनिटं ढलप्यांमधून नुसती वाफ निघाली. मग एकेक तडतडत पेटली. त्यावर बोटाएवढ्या काटक्या, आणि त्यांनी जाळ धरल्यावर जाड लाकूड. वडी विझायच्या आत चहाचं पाणी चढलं होतं. सरपणही निम्म्यानेच लागलं. उगाच धुमसवत ठेवायची लाकडं वाचली.

ओढ्यातले गोटे चुलीला घेऊ नका. त्यांच्या चिरांत पाणी असतं, तापल्यावर ते फुटतात आणि कपच्या उडतात. शेतातले कोरडे दगड बरे.

इतर उपायही करून बघितले. कापसाचा बोळा पेट्रोलियम जेलीत मळून डबीत भरायचा हा सर्वांत सोपा. मेण नको, गॅस नको, मुलंही करू शकतात. बोळा पेटवताना थोडा पिंजायचा, चार-पाच मिनिटं जळतो. थंडीत हाच नेते. उन्हाळ्यात मात्र जेली पातळ होऊन डबीबाहेर येते. कापूस औषधाच्या दुकानातला घ्या. मेकअपचे काही बोळे कृत्रिम धाग्याचे असतात, ते आक्रसतात.

नारळाची वाळकी शेंडी कोकणात कुठेही मिळते. ती हाताने पिंजली की काडीने धरते. जाड सोडणाचा तुकडा नंतर बराच वेळ धुमसतो. पण दमट हवेत शेंडी लगेच ओल धरते, त्यामुळे ती पिशवीत बांधून न्यावी.

सायकलची जुनी ट्यूब, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल हे सगळं लोक वापरतात. पेटतंही. तो धूर भाकरीला लागतो आणि छातीतही जातो. मला ते पटत नाही.

कुठे पेटवायचं हेही सांगायला हवं, कारण पेटवणं सोपं झालं की माणूस कुठेही पेटवायला लागतो. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा सगळा भाग अभयारण्यात येतो. अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. राखीव जंगलासाठी 1927चा भारतीय वन कायदा आहे. डिसेंबरपासून पुढे डोंगरावरचं गवत वाळून कोळ होतं, एक ठिणगी पुरते. वनखातं उगाच जाळरेषा काढत नाही. गडावरच्या गुहांत आणि देवळांत चूल मांडून भिंती काळ्या करणाऱ्यांबद्दल तर माझ्याकडे चांगले शब्द नाहीत. आम्ही गडावर कोरडं खाणं नेतो आणि चूल खालच्या गावात, विचारून. लाकडंही गावातून विकत घेतो, जंगलात तोडत नाही. गवताची जागा असेल तर घमेल्यात चूल मांडतो आणि जवळ पाण्याची बादली ठेवतो. निघताना राखेवर पाणी ओतून काडीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि हात लावून गार लागली तरच निघायचं.

विमानाने हिमाचल-उत्तराखंडला जाणाऱ्यांनी या वड्या सामानात घेऊ नयेत, चालत नाहीत. तिथे पोचल्यावर कापूस आणि जेली कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते.

एका चुलीला एक वडी पुरते, पाऊस असेल तर दोन धरा. वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर वर्षभराने काढल्या तरी तशाच पेटतात. उन्हात गाडीत मात्र विसरू नका, मऊ होऊन एकमेकींना चिकटतात. दिवाळी झाली की मेणाच्या पणत्यांचे तुकडे फेकू नका, शेजाऱ्यांचेही मागून घ्या. एक ट्रे भरायला एका घरचं मेण पुरत नाही.